यंत्र का अडखळते? संगणकातील अनियमित विलंबाचा इतिहास

प्रस्तावना

महागडा, नवा लॅपटॉप. प्रोसेसर ताकदीचा, मेमरी भरपूर, साठवणीला वेगवान एसएसडी. तरीही गाणे ऐकताना मध्येच एक खरखर येते, माऊसचा बाण क्षणभर गोठतो, ऑनलाइन तोंडी परीक्षेत आवाज तुटतो. दुकानात नेल्यावर मात्र तोच लॅपटॉप शहाण्यासारखा चालतो. दुरुस्ती करणारा दोन चाचण्या लावतो, आकडे उत्तम येतात, आणि तो सांगतो, ‘मशीन ठीक आहे, तुमचेच काहीतरी चुकत असेल.’ विद्यार्थी गप्प बसतो, कारण त्याच्याकडे पुरावा नसतो.

संगणकशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. हा दोष आजच्या लॅपटॉपचा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचा इतिहास जवळजवळ सत्तर वर्षांचा आहे. चंद्रावर उतरणाऱ्या यानाने तो अनुभवला आणि मंगळावर पोहोचलेल्या यंत्रानेही. प्रस्तुत पाठात आपण हा इतिहास कालक्रमाने पाहणार आहोत. त्यातून दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत. पहिला प्रश्न, यंत्र वेगवान असूनही अडखळते का? दुसरा, जो दोष बोलावल्यावर येत नाही तो शोधायचा कसा?

सुरुवातीलाच एक भेद लक्षात ठेवू. वेग आणि वेळेवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी एस.टी. रस्त्यावर भरधाव पळत असेल, पण थांब्यावर कधी येईल याचा नेम नसेल, तर प्रवाशाच्या दृष्टीने ती चांगली सेवा नव्हे. संगणकाची बहुतेक जाहिरात वेगाची असते. अडखळण्याची तक्रार मात्र नेहमी वेळेवर असण्याविषयीची असते.

१. व्यत्ययाचा शोध

आरंभीचे संगणक एका वेळी एकच काम करीत. एखादे उपकरण तयार झाले आहे का, हे प्रोसेसरला पुन्हा पुन्हा विचारावे लागे. चुलीवरचे दूध उतू जाते का हे पाहत तिथेच उभे राहावे, तसा हा प्रकार होता. या वाट पाहण्यात यंत्राचा मौल्यवान वेळ वाया जाई.

यावर उपाय म्हणून इंटरप्टची कल्पना पुढे आली. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक. ‘माझे काम झाले, आता माझ्याकडे बघ’ असा तिचा अर्थ. हाक आली की प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, आलेल्याची दखल घेतो आणि परत मूळ कामाकडे वळतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ मध्ये उभारलेला डायसिॲक हा संगणक या तंत्राच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानला जातो.

या शोधामुळे यंत्राची कार्यक्षमता वाढली. मात्र त्यासोबत एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे अनिश्चितता. आता एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे केवळ त्या कामावर अवलंबून राहिले नाही. मध्ये किती हाका येतील आणि प्रत्येक हाकेला किती वेळ द्यावा लागेल, यावरही ते ठरू लागले. लॅपटॉप आज अडखळतो त्याचे मूळ बीज इथे आहे. इंटरप्टने सरासरी वेळ वाचवला, पण प्रत्येक क्षणाची खात्री गमावली.

२. सामायिक संगणक आणि वाट पाहणारा माणूस

दुसरा टप्पा १९६० च्या दशकातला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली तयार झाली. तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे आणि संगणकाने प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून द्यायचा, ही तिची रचना. याला टाइम-शेअरिंग म्हणतात.

या रचनेमुळे संगणकासमोर प्रथमच मोठ्या संख्येने माणसे बसली. तोपर्यंत पंच केलेली कार्डे जमा करायची आणि निकाल नंतर घ्यायचा, अशी पद्धत होती. तेव्हा काही सेकंदांच्या उशिराचे कोणाला काहीच वाटत नसे. आता कळ दाबल्यावर अक्षर उमटेपर्यंतचा वेळही जाणवू लागला. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसाद-वेळेवर एक महत्त्वाचा निबंध वाचला. माणसाची सहनशीलता कामागणिक वेगळी असते, आणि कळ दाबण्यासारख्या क्रियेला सुमारे ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळायला हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच वर्षी पीटर डेनिंग यांनी थ्रॅशिंग या घटनेचे विश्लेषण मांडले. मुख्य मेमरी अपुरी पडली की प्रणाली काही पाने डिस्कवर ठेवते आणि लागतील तशी परत आणते. कामांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की पाने नेण्या-आणण्यातच सगळा वेळ जातो आणि मूळ काम जवळजवळ थांबते. लक्षात घ्या, ही घसरण हळूहळू होत नाही. मर्यादेपर्यंत सगळे सुरळीत असते आणि मग एकाएकी कोसळते. प्रत्येक कामाला त्या त्या वेळी खरोखर किती पाने लागतात, याला डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. तेवढी जागा मिळत नसेल तर नवे काम सुरूच करू नये, हा त्यांचा उपाय होता. ब्राउझरचे चाळीस टॅब उघडून वर एखादे जड सॉफ्टवेअर सुरू केले की लॅपटॉप अचानक का गुदमरतो, याचे उत्तर १९६८ मध्येच दिले गेले होते.

३. चंद्राच्या वाटेवर १२०२

२० जुलै १९६९. अपोलो ११ चे चांद्रयान उतरत होते. उंची सुमारे ३३,००० फूट असताना यानातील संगणकाने इशारा दिला, क्रमांक १२०२. पुढच्या काही मिनिटांत तो पुन्हा आला, मध्ये एकदा १२०१ ही आला. दोन्हींचा अर्थ साधारण एकच होता. संगणकाकडे कामे वेळेत संपत नव्हती आणि नवे काम ठेवायला जागा उरली नव्हती.

हा त्या काळातला अत्यंत काळजीपूर्वक बनवलेला संगणक होता. मग तो मागे का पडला? यानातील भेट-रडार, म्हणजे मूळ यानाशी पुन्हा जोडणी करताना लागणारे रडार, विशिष्ट स्थितीत चालू होते. या रडारला आणि संगणकाच्या जोड-यंत्रणेला ८०० हर्ट्झचा विद्युतपुरवठा दोन वेगळ्या स्रोतांकडून होत होता. दोघांची वारंवारता जुळलेली होती, पण कला म्हणजे फेज जुळेल अशी व्यवस्था नव्हती. त्यामुळे रडारच्या कोनांविषयी निरर्थक स्पंदांचा मारा सुरू झाला. दोन कोनांसाठी मिळून सेकंदाला १२,८०० पर्यंत स्पंद येत. प्रत्येक स्पंद मोजायला संगणकाचे एक स्मृतिचक्र खर्ची पडे, ते ११.७ मायक्रोसेकंदांचे. गुणाकार करून पाहा. सेकंदातले जवळजवळ ०.१५ सेकंद, म्हणजे १५ टक्के वेळ, कोणाच्याही उपयोगाच्या नसलेल्या मोजणीत जात होता.

हा दोष अनियमित का होता, तेही पाहण्यासारखे आहे. दोन पुरवठ्यांमधला कला-फरक किती असेल, हे यंत्रणा कोणत्या क्षणी चालू झाली यावर ठरे. म्हणजे तेच यंत्र, तीच स्थिती, पण एकदा दोष दिसे आणि एकदा दिसत नसे. ‘काल चालत होते, आज अडखळते’ या तक्रारीमागे असे कारण असू शकते.

चंद्रावर उतरणे रद्द झाले नाही, याचे श्रेय दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे प्रणालीची रचना. हॅल लॅनिंग यांनी आखलेल्या कार्यव्यवस्थेत प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम होता. ताण असह्य झाला की संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी आणि केवळ अत्यावश्यक कामे जिथे थांबली होती तिथून उचली. यानाची दिशा सांभाळणे चालू राहिले, कमी महत्त्वाची कामे गळली. या उड्डाण-सॉफ्टवेअरच्या चमूचे नेतृत्व मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. उड्डाणाच्या काही दिवस आधी झालेल्या एका सरावात अशाच इशाऱ्यामुळे मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी अवतरण रद्द करण्याचा निर्णय दिला होता आणि तो अनावश्यक ठरला होता. त्यानंतर प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ आणि त्यावर करायची कृती यांची यादी तयार करण्यात आली. खऱ्या अवतरणाच्या वेळी जॅक गारमन या तरुण अभियंत्याजवळ ती यादी होती. इशारा सतत येत नसेल तर पुढे जायला हरकत नाही, असे त्यांनी काही सेकंदांत सांगितले.

४. मंगळावरचा गुंता

४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरले. हवामानाची माहिती गोळा करायला सुरुवात झाल्यानंतर काही दिवसांतच त्यातील संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे राहिलेले काम पुढच्या दिवसावर जाई.

कारण समजून घेण्यासाठी एक प्रसंग कल्पू. वाड्यात विहिरीचा एकच पोहरा आहे. घरातल्या पोऱ्याने तो घेतला आहे. मालकाला तातडीने पाणी हवे आहे, पण पोहरा मोकळा होईपर्यंत त्यालाही थांबणे भाग आहे. इतक्यात मधल्या दर्जाचा कारभारी येतो आणि पोऱ्याला दुसऱ्याच लांबलचक कामाला जुंपतो. पोहरा पोऱ्याच्याच हातात राहतो. परिणाम असा की कारभाऱ्याला पाण्याशी काही घेणेदेणे नसतानाही त्याच्यामुळे मालक ताटकळतो.

पाथफाइंडरवर नेमके हेच घडत होते. माहितीच्या वाटपाचे काम उच्च प्राधान्याचे होते, हवामानाचे काम कमी प्राधान्याचे. दोघांना एकच सामायिक कुलूप लागत असे. हवामानाच्या कामाने कुलूप धरलेले असताना मधल्या प्राधान्याची कामे त्याला बाजूला सारीत. वाटपाचे काम ०.१२५ सेकंदाच्या ठरलेल्या चक्रात पुरे झाले नाही की देखरेख करणारी यंत्रणा काहीतरी गंभीर बिघडले असे समजून संगणक पुन्हा सुरू करी.

या घटनेला प्राधान्य-विपर्यास म्हणता येईल. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी मेसा भाषेच्या अनुभवावर लिहिलेल्या १९८० च्या निबंधात तिचे वर्णन आले होते. उपायही उपलब्ध होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोक्झकी यांनी १९९० मध्ये प्राधान्य-वारशाचे नियम सविस्तर मांडले. मालक पोहऱ्यासाठी थांबला असेल तर पोहरा परत देईपर्यंत पोऱ्याला मालकाचाच दर्जा द्यायचा, म्हणजे कारभारी त्याला अडवू शकणार नाही, असा तो नियम. पाथफाइंडरच्या कार्यप्रणालीत ही सोय होतीच, पण त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून छोटी दुरुस्ती पाठवून ती चालू करण्यात आली आणि रीसेट थांबले.

आपल्या दृष्टीने यातला सर्वांत बोधप्रद भाग वेगळाच आहे. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत असा रीसेट दिसला होता, पण पुन्हा घडवून आणता आला नव्हता. मंगळावर तो घडू लागल्यावर अभियंत्यांनी जमिनीवरील प्रतिकृतीवर घटनांची क्षणाक्षणाची नोंद सुरू ठेवली आणि दोष पुन्हा उद्भवेपर्यंत तिला चालवत राहिले. तो उद्भवला तेव्हा नोंदवहीत सगळा क्रम हजर होता. अंदाजाने एकही सुटा भाग बदललेला नव्हता.

५. उष्णतेशी तडजोड

आता लॅपटॉपकडे वळू. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले, तर तेवढ्याच क्षेत्रात निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. पुढची तीस वर्षे या नियमावर प्रोसेसरचा वेग वाढत गेला. साधारण २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी कमी करणे अवघड झाले आणि हा आधार सुटला.

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून थोड्या जादा वेगासाठी बरीच जादा उष्णता सोसावी लागते. यातून मार्ग काढण्यासाठी वेग बदलता ठेवण्याची पद्धत रूढ झाली. इंटेलने २००० मध्ये लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये स्पीडस्टेप आणले आणि २००८ मध्ये टर्बो बूस्ट. काही काळ क्षमतेपलीकडे पळायचे आणि तापमान किंवा शक्तीची मर्यादा आली की मागे यायचे, असा हा व्यवहार आहे. जाहिरातीतला सर्वोच्च वेग हा त्या थोड्या काळाचा असतो.

इथे हवामानाचा थेट संबंध येतो. समजा, चिपची तापमान-मर्यादा १०० अंश आहे. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर जाण्यासाठी ७५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत ४२ अंश असतील तर हा फरक ५८ उरतो. बाहेर फेकली जाणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची क्षमता जवळजवळ २३ टक्क्यांनी कमी. त्यात तो गादीवर ठेवला असेल किंवा जाळीत धूळ साचली असेल तर आणखी घट. वातानुकूलित दुकानात दोष ‘दिसत नाही’ याचे एक साधे कारण हे असू शकते.

उष्णतेचा प्रत्येक दोष हवामानाचाच असतो असे मात्र नाही. जुलै २०१८ मध्ये ॲपलचा नवा, महागडा मॅकबुक प्रो जड कामाच्या वेळी फारच मंदावतो, अशी चर्चा जगभर झाली. फर्मवेअरमधील एक डिजिटल कळ राहून गेल्याने उष्णता-व्यवस्थापनावर परिणाम होतो, असे कंपनीने मान्य केले आणि काही दिवसांतच सुधारणा दिली. धातू, पंखा, चिप यांत काहीही न बदलता केवळ सॉफ्टवेअरने दोष गेला.

६. पडद्यामागचा कारभार

ॲपलच्या उदाहरणातून आपण फर्मवेअरपाशी आलो. वापरकर्त्याला ऑपरेटिंग सिस्टिम हीच यंत्राची मालक वाटते. तसे नाही. १९९० मध्ये इंटेलच्या ३८६ एसएल या लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरबरोबर सिस्टिम मॅनेजमेंट मोड आला. वीज वाचवण्यासारखी कामे फर्मवेअरने परस्पर करावीत, हा त्याचा हेतू. तो सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी थांबते. आपण थांबलो होतो हेदेखील तिला सरळ कळत नाही. भूल दिलेल्या रुग्णाला मधला वेळ आठवत नाही, तसेच हे.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. वीज-व्यवस्थापनाची सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे देणे हा त्यामागचा उद्देश होता. मात्र यंत्राचे तपशील निर्मात्यालाच ठाऊक असतात. म्हणून निर्माता छोटे कार्यक्रम लिहून फर्मवेअरमध्ये ठेवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते वाचून चालवते. बॅटरी, पंखा, झाकण, ग्राफिक्स कार्डाची वीज या सगळ्यांशी बोलणे त्यांतून होते. हा छोटा कार्यक्रम निष्काळजीपणे लिहिला गेला, एखाद्या हाकेला उत्तर देताना विनाकारण थांबून राहिला, तर त्या थांबण्याचा भुर्दंड संपूर्ण यंत्राला बसतो.

हा भुर्दंड आवाजात आधी का ऐकू येतो, हे आकड्यांतून समजते. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने वाजवले जातात. एका खेपेत ४८० नमुने दिले तर ते १० मिलिसेकंद पुरतात. तेवढ्या वेळात पुढची खेप पोहोचली नाही तर पोकळी पडते आणि कानाला खरखर जाणवते. विंडोजमध्ये ड्रायव्हरने हाकेची पहिली दखल २५ मायक्रोसेकंदांत आणि नंतर करायचे तातडीचे काम १०० मायक्रोसेकंदांत उरकावे, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. एखाद्या ड्रायव्हरने तिथे १२ मिलिसेकंद घेतले तर तो नियमाच्या १२० पट झाला. प्रोसेसर कितीही ताकदीचा असला तरी आवाज तुटणारच.

अशा पडद्यामागच्या कारणाचे अलीकडचे उदाहरण एएमडीचे आहे. काही रायझन संगणक अधूनमधून क्षणभर गोठत. सुरक्षेसाठी असलेले एफटीपीएम हे फर्मवेअर मदरबोर्डवरील संथ फ्लॅश चिपशी कधीकधी लांबलचक देवाणघेवाण करते आणि त्यामुळे यंत्र अडते, असे कंपनीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले. उपाय बायॉसच्या सुधारित आवृत्तीतून आला. तोपर्यंत कित्येकांनी मेमरी बदलली असेल, विंडोज पुन्हा टाकले असेल. दोष मात्र त्यांतल्या कशातच नव्हता.

७. सरासरीचा भ्रम

इतके होऊनही चाचण्यांचे आकडे उत्तम का येतात? कारण त्या बहुधा सरासरी मोजतात. एक उदाहरण सोडवू. एका सेकंदात ६० चित्रे दाखवली गेली. त्यांपैकी ५९ चित्रांना प्रत्येकी १२ मिलिसेकंद लागले, एकूण ७०८. उरलेल्या एकाच चित्राने २९२ मिलिसेकंद घेतले. बेरीज १,००० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला ६० चित्रे. अहवालात ‘उत्तम’ असे लिहिले जाईल. पाहणाऱ्याला मात्र सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ पडदा गोठलेला दिसला. दोघेही खरे बोलत आहेत, पण मोजत आहेत वेगवेगळ्या गोष्टी.

स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणात सरासरी सोडून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला. २०१३ मध्ये जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी हाच विचार मोठ्या संगणक-केंद्रांना लावला. एक सर्व्हर शंभरातून एकदाच उशीर करतो, असे समजू. पण एका विनंतीसाठी असे १०० सर्व्हर लागत असतील तर किमान एक उशीर होण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के होते. क्वचित घडणारी गोष्ट पुरेशा ठिकाणी घडू शकत असेल तर ती क्वचित राहत नाही. आपल्या लॅपटॉपमध्येही प्रत्येक क्षणाला डझनावारी ड्रायव्हर आणि फर्मवेअरचे भाग हजेरी लावत असतात.

८. इतिहासातून मिळणारी पद्धत

या सर्व प्रसंगांतून दोष शोधण्याची एक शिस्त हाती येते.

पहिली पायरी, वेळापत्रक टिपा. दोष किती सेकंदांनी येतो? चार्जर लावल्यावर येतो की बॅटरीवर? यंत्र तापल्यावर येतो की सुरू करताच? ठरावीक अंतराने येणारा दोष बहुधा एखाद्या नियमित कामाकडे किंवा फर्मवेअरकडे बोट दाखवतो. जड कामाच्या काही मिनिटांनंतर येणारा दोष उष्णतेकडे किंवा अपुऱ्या शक्तीच्या चार्जरकडे. अनेक खिडक्या उघडल्यावर येणारा मेमरीकडे. एसएसडी जवळजवळ भरल्यावर, मोठी फाइल लिहिताना येणारा साठवणीकडे.

दुसरी पायरी, सरासरीऐवजी सर्वांत वाईट क्षण मोजा. विंडोजमध्ये परफॉर्मन्स रेकॉर्डर आणि ॲनालायझर ही साधने प्रत्येक ड्रायव्हरने घेतलेला वेळ दाखवतात. लिनक्समध्ये एफट्रेस आहे आणि त्यातला हार्डवेअर-विलंब शोधक ऑपरेटिंग सिस्टिमच्या नजरेआड गेलेला वेळही पकडू शकतो. पाथफाइंडरच्या अभियंत्यांप्रमाणे नोंद सुरू ठेवून दोषाची वाट पाहायची.

तिसरी पायरी, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. वाय-फाय बंद करून पाहा, मग ते चालू करून ग्राफिक्स ड्रायव्हर बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कारण कळत नाही आणि दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चौथी पायरी, फर्मवेअरला संशयातून वगळू नका. बायॉसची सुधारणा निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी, चार्जर लावून आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढूनच करावी. सुटे भाग विकत घेणे आणि सगळे पुसून नव्याने टाकणे हे सर्वांत शेवटी.

समारोप

इंटरप्ट, टाइम-शेअरिंग, बदलता वेग, स्वतंत्र फर्मवेअर यांपैकी प्रत्येक पायरीने संगणक सरासरीने अधिक कार्यक्षम झाला. त्याच वेळी प्रत्येक पायरीने वाट पाहण्याचे एक नवे ठिकाण निर्माण केले आणि ते वापरकर्त्याच्या नजरेपासून आणखी दूर ठेवले. यंत्राचे अडखळणे हा बहुतेक वेळा ताकदीचा अभाव नसतो. कोणाची पाळी आधी, यावरचा तो तंटा असतो.

या इतिहासात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोष अनुभवणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे असते, फक्त ते मोजले गेलेले नसते. गारमन यांच्याजवळ यादी होती, पाथफाइंडरच्या चमूजवळ नोंद होती. आपल्या विद्यार्थ्याजवळ एक वही हवी, ज्यात तारीख, वेळ, खोलीचे तापमान, चार्जरची स्थिती आणि विलंबाचे मिलिसेकंद लिहिलेले असतील. ती पुढे ठेवली की ‘तुमचेच काहीतरी चुकत असेल’ हे वाक्य सहज उच्चारता येत नाही.

स्वाध्याय

१. ‘वेग’ आणि ‘वेळेवर असणे’ यांतील फरक अपोलो ११ च्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. प्राधान्य-विपर्यास म्हणजे काय? प्राधान्य-वारसा त्यावर कसा उपाय करतो, ते स्वतःच्या परिसरातील उदाहरण घेऊन लिहा.

३. एका सेकंदात १२० चित्रे दाखवली गेली. ११९ चित्रांना प्रत्येकी ७ मिलिसेकंद लागले. उरलेल्या चित्राला किती वेळ लागला? सरासरी आणि प्रत्यक्ष अनुभव यांवर टीप लिहा.

४. आपल्या किंवा मित्राच्या संगणकाच्या विलंबाची आठवडाभर नोंद ठेवा आणि तिच्यावरून संभाव्य कारणांचा क्रम लावा.